सुनंदाताईंचं आडनाव

त्या गेल्याची बातमी मला ईमेलने आली, आणि वाचूनही मला ती कळली नाही. मी टेक्ससमधल्या प्लेनोला एका क्लायंटच्या कामासाठी दोन महिने गेलो होतो, बायको-मुलं सुट्टीत पुण्याला गेली होती. दुपारी कॅफेटेरियात जेवताना लॅपटॉप उघडला, तर आमच्या व्हर्जिनियातल्या मराठी मंडळाचा निरोप आलेला : ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की, मंडळाच्या ज्येष्ठ सभासद डॉ. सुनंदा देशपांडे यांचे अल्पशा आजाराने निधन झाले...’ आमच्या मंडळात देशपांडे पैशाला पासरी. त्या पिढीत सुनंदाही घरोघरी. मला वाटलं, स्टर्लिंगकडच्या कुणीतरी देशपांडेकाकू असतील, गणपतीत एखाद वेळेस दिसल्या असतील. ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ ही ठरलेली ओळ टाइप केली, सगळ्यांना पाठवली आणि उरलेलं सँडविच संपवलं. चार दिवसांनी शोकसभेचे फोटो आले. पहिलाच उघडला. हार घातलेल्या फ्रेममधून सुनंदाताई हसत होत्या. माझ्या शेजारच्या सुनंदाताई! हर्नडनमध्ये आमच्या दोन घरांमधली भिंत एकच आहे. ज्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मी सात वर्षं ऐकल्या, त्यांच्या मृत्यूवर मी एक छापील ओळ फेकून मोकळा झालो होतो, कारण मला ठाऊक असलेल्या बाईंचं नाव सुनंदा क्वर्नटेग होतं. त्यांचं माहेर देशपांड्यांचं हे कधीतरी कानावर पडलेलं, पण ही दोन नावं माझ्या डोक्यात जुळलीच नाहीत.

आधी रडू नाही आलं, राग आला. तो अजून आहे. हा लेख शांत झालो म्हणून लिहीत नाहीये, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावं.

सुनंदाताई मूळच्या नागपूरच्या, धरमपेठेतल्या. तिकडे डॉक्टर होऊन साठच्या दशकाच्या शेवटी मिनेसोटात शिकायला आल्या आणि भूलतज्ज्ञ झाल्या. तिथेच त्यांना हॅरल्ड क्वर्नटेग भेटला. उंच, अबोल, हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त करणारा. त्याचे पूर्वज नॉर्वेहून आलेले. घरच्यांशी भांडून लग्न केलं, पुढे हॅरल्डच्या नोकरीमुळे दोघं हर्नडनला आले. मूलबाळ झालं नाही. आमच्या मंडळात त्यांना सगळे मान देत, पण नावाशी आलं की घोडं अडे. सूत्रसंचालक माइकवर म्हणायचा, “आता डॉक्टर सुनंदा... ताई! आपण सगळे ताईच म्हणतो!” लोक हसायचे. ताई हसायच्या नाहीत. तिकडे मिनेसोटातही फार वेगळं नव्हतं. हॅरल्डची बहीण मार्लिस दर उन्हाळ्यात यांना प्रेमाने बोलवायची. त्या लोकांची लेफ्से म्हणून बटाट्याची पातळ पोळी असते, ती ताई सगळ्या गावापेक्षा पातळ लाटायच्या, कारण हात पुरणपोळीवर बसलेला. तरी कॉफी मात्र त्यांना कायम पाहुण्यांच्या कपातून मिळायची. “तीस वर्षं झाली विनायक, अजून मला रोजचा मग देत नाही ती,” असं त्या मला सांगायच्या, हसत हसत, पण सांगायच्याच.

मी त्यांच्या शेजारी राहायला गेलो २००१ साली. त्याच वर्षी आयटीवाल्यांवर संक्रांत आली आणि माझी नोकरी गेली. व्हिसाचा काटा टिकटिकत होता, बायको-मुलांना पुण्याला पाठवून दिलं होतं, आणि मी दिवसभर घरात पायजमा घालून अर्ज पाठवत बसायचो. त्याच हिवाळ्यात हॅरल्ड गेला. ताई त्याला घेऊन मिनेसोटाला गेल्या, तिथल्या चर्चच्या दफनभूमीत त्याला ठेवून आल्या, आणि आल्या त्या दुसऱ्या दिवशी सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. चेहरा असा, की मी सांत्वनाचं जे वाक्य तयार ठेवलं होतं ते विसरलोच.

“तू घरी काय करून राहिला दिवसभर?”

“जॉब शोधतोय, ताई.”

“मग त्यासोबत माझंही एक शोधून दे. हे क्वर्नटेग नाव आलं कुठून, आणि आता आणखी कोणाकोणाचं आहे.”

मग हळूहळू बाहेर आलं. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात सगळे जेवायला बसले होते. मार्लिसने भावाच्या फोटोकडे बघितलं आणि समोरच्या बाईला म्हणाली, ‘झालं. क्वर्नटेग संपले.’ स्वतः मार्लिसने लग्नानंतर नवऱ्याचं नाव घेतलेलं, बाकी भावंडं नाहीत, त्यामुळे तिच्या हिशेबाने हॅरल्ड शेवटचा. “मी समोर बसली होती, विनायक. हातात प्लेट घेऊन. माझ्या लायसन्सवर, माझ्या दवाखान्याच्या दारावर, बँकेत, सगळीकडे तेच नाव आहे. मग मी कोण? हवा?” ताईंचा आवाज चढला. “मला तिला एवढंच दाखवायचं आहे. शेवटचा हॅरल्ड नाही. एक तर आणखी कुणी आहे, नाहीतर मी आहे. पण मी नाहीच, असं नाही चालत बाप्पा!”

मी हो म्हटलं. रिकाम्या न्हाव्याचा धंदा म्हणा. माझं कामच डेटाबेसचं, त्यामुळे वाटलं, दोन दुपारचं काम आहे. नाव टाकायचं, यादी काढायची, ताईंना द्यायची. प्रत्यक्षात पुढची तीन-चार वर्षं हे झेंगट माझ्या गळ्यात राहिलं. नोकरी लागली, बायको-मुलं परत आली, तरी शनिवारी सकाळी मुलांना क्रिकेटला सोडून आलो की ताई वही-पेन घेऊन हजर! इंटरनेटवरच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, वंशावळी शोधणाऱ्या लोकांच्या साइट्स, लायब्ररीतल्या सीड्या, सगळं धुंडाळलं. हॅनसन-ओल्सन शोधले असते तर पावसासारखे कोसळले असते. क्वर्नटेग मात्र सबंध अमेरिकेत हाताच्या बोटांवर. त्यातलेही निम्मे जुने, म्हणजे नंबर आहे, माणूस नाही.

उरलेल्यांना फोन करायचं ठरलं, आणि तिथे खरी कमाल झाली. ते दिवस आठवा. अमेरिकनांना वाटायचं की आपल्या सगळ्या नोकऱ्या बंगलोरला गेल्यात आणि तिथले लोक आता जेवायच्या वेळी आपल्याला फोन करतात. ताई आपल्या खणखणीत नागपुरी उच्चारात सुरू करायच्या, ‘हॅलो, धिस इज डॉक्टर सुनंदा क्वर्नटेग,’ आणि पलीकडचा गुरकावायचा, ‘तुमच्या लिस्टमधून माझं नाव काढा!’ आणि आपटला फोन. बाई नाव वाढवायला बघतायत आणि तो नाव काढायला सांगतोय! एकदा वैतागून म्हटलं, मी बोलतो. माझा उच्चार पुण्याचा, त्यामुळे तो माणूस आणखी लवकर आपटून मोकळा झाला. साउथ डकोटातल्या एकाने धीराने ऐकून घेतलं आणि सांगितलं की ते नाव सावत्र बापाचं होतं, त्याने ते केव्हाच बदललंय. वॉशिंग्टन राज्यातल्या एका वृद्धाश्रमात एक मिस क्वर्नटेग असल्याचं कळलं. ताई केवढ्या खूश झाल्या! विचारायचे प्रश्न लिहून काढले, आवाज नीट ऐकू येईल अशी वेळ ठरवली. फोन लावला तर तिथली नर्स म्हणाली, ‘त्या मागच्या ईस्टरला गेल्या.’ आम्ही मोजायला बसलो होतो आणि मोजता मोजता नाव आमच्या देखत कमी होत होतं. त्या दिवशी मी ताईंवर ओरडलो. म्हटलं, कशाला हा डोक्याला ताप? मार्लिस काही का म्हणेना! त्यांनी शांतपणे मला चहा दिला आणि म्हणाल्या, “तुझं नाव कुणी विचारलं की तू सांगतो आणि तो माणूस ऐकून घेतो. म्हणून तुला ‘कशाला’ असं वाटून राहिलं.”

शेवटी अमेरिका सोडून आम्ही नॉर्वेच धरलं. हॅरल्डचे पूर्वज ज्या दरीतून आले तिथल्या स्थानिक इतिहास मंडळाला मी मेल टाकला आणि आश्चर्य म्हणजे उत्तर आलं. ओलाव नावाचे एक गृहस्थ, वय बरंच, इंग्रजी सावकाश पण नीट. म्हणाले, लिहिण्यापेक्षा बोलू. एका रविवारी सकाळी ताईंच्या स्वयंपाकघरात स्पीकरफोन लावून आम्ही दोघं बसलो. ओलावनी आधी नावाचा अर्थ सांगितला. क्वर्न म्हणजे जातं, ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी दळणाची चक्की. टेग म्हणजे शेताची अरुंद पट्टी. “म्हणजे गिरणीजवळचं वावर!” ताई माझ्याकडे बघून मराठीत ओरडल्या. ओलावना काही कळलं नाही, पण ते हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते आम्हा दोघांनाही नवीन होतं. त्यांच्याकडे पूर्वी आडनाव माणसाचं नसे, जागेचं असे. माणसाला स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, त्यापुढे तो जिथे राहतो त्या शेताचं नाव. जागा सोडली की ते नाव तिथेच सोडायचं आणि नव्या जागेचं घ्यायचं. जावई सासऱ्याच्या शेतावर राहायला गेला तर सासरच्या शेताचं नाव त्याला लागायचं, आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नसे. क्वर्नटेग हे तर शेतही नव्हे, मोठ्या मालकाने राबणाऱ्या कुळाला जमिनीच्या कडेला दिलेला तुकडा. हॅरल्डच्या आजोबांचे वडील जन्मले दुसरीकडेच, नाव दुसरंच. काही वर्षं या तुकड्यावर राहिले आणि तिथूनच बोटीत बसले, म्हणून अमेरिकेत हे नाव चिकटलं. त्यांच्यामागे तिथे दुसरं कुटुंब आलं, तेही क्वर्नटेग झालं, तेही गेलं. पुढे आडनावं कायमची करण्याचा कायदा झाला तेव्हा त्या जागेवर कुणीच राहत नव्हतं. त्यामुळे सबंध नॉर्वेत आज, त्यांच्या माहितीप्रमाणे, या नावाचा एकही माणूस नाही. जागेवर झाडं वाढली आहेत.

मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं डोंगर पोखरला आणि उंदीरही निघाला नाही! पण ताई पुढे झुकल्या होत्या.

“म्हणजे हे रक्ताचं नाव नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही. राहण्याचं आहे,” ओलाव म्हणाले. “तुम्ही किती वर्षं या नावात आहात?”

“तीसहून जास्त.”

“मग तुम्ही त्या बोटीत बसलेल्या माणसापेक्षा जास्त क्वर्नटेग आहात. तो जेमतेम सात-आठ सुग्या तिथे होता.”

फोन ठेवल्यावर ताईंनी पदर नव्हता म्हणून टी-शर्टच्या बाहीला डोळे पुसले आणि त्याच मिनिटाला मार्लिसला फोन लावला. सगळं सांगितलं, जागेचं, जावयाचं, कायद्याचं, झाडांचं. मग मार्लिस म्हणाली, “वेल, दॅट्स डिफरंट.” मिनेसोटाच्या लोकांना एखादी गोष्ट अजिबात पटली नाही की ते इतकंच म्हणतात, त्याहून जहाल शिवी त्यांच्याकडे नाही. आमच्या पुण्यात याला ‘असं का, बरं बरं’ म्हणतात. ताईंचा चेहरा उतरला. पण त्या दिवसापासून त्यांनी शोध थांबवला. मला म्हणाल्या, “मार्लिसचं जाऊ दे. माझं मला समजलं.” नंतर एकदा, मी त्यांच्या गराजचं दार दुरुस्त करत असताना, सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “मी गेली की मला हॅरल्डच्या बाजूला ठेवा. दगडावर अर्धी जागा सोडून ठेवली आहे मी. नाव पूर्ण लिहायचं.” मी “हो हो” म्हटलं. त्या ठणठणीत होत्या, रोज दोन मैल चालत होत्या. कुणाला वाटलं होतं की अशा गोष्टी कागदावर घ्यायच्या असतात!

आता परत प्लेनोला येतो. फोटो पाहिल्यावर पार्किंग लॉटमध्ये जाऊन मी मंडळाच्या सचिवांना फोन केला. ते म्हणाले, सगळं न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलेल्या त्यांच्या भाच्याने, श्रीकांतने केलं, नावही त्यानेच दिलं. श्रीकांत हा ताईंच्या भावाचा मुलगा. वाईट मुलगा नाही, हे मुद्दाम सांगतो. आत्याला हॉस्पिटलमध्ये नेल्याचं कळल्याबरोबर तो रातोरात ड्राइव्ह करून आला, शेवटपर्यंत तिच्याजवळ बसला. म्हणूनच त्याच्याशी भांडणं फार अवघड गेलं.

“काका, सॉरी, मला आयडियाच नव्हती तुम्ही इतके क्लोज होता,” तो म्हणाला. “आत्याच्या फोनमध्ये ‘विनायक नेक्स्ट डोअर’ असं सेव्ह केलं होतं. मला वाटलं, हँडीमन वगैरे असेल.”

“ठीक आहे. पण देशपांडे का लिहिलंस?”

“लोकांना कळायला नको? ते क्वर्न... जे काय आहे ते, कोण ओळखणार? आणि हॅरल्ड अंकल जाऊनही किती वर्षं झाली. शेवटी ती आपलीच ना, यार.”

“अरे, मला नाही कळलं ना!” मी ओरडलो. टेक्ससच्या उन्हात दोन माणसं वळून बघायला लागली. “मी भिंतीपलीकडे राहतो आणि मला नाही कळलं! कुणासाठी लिहिलंस ते नाव?”

मग मी हॅरल्डच्या बाजूच्या जागेचं सांगितलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. काही लिहिलेलं आहे का, त्याने विचारलं. नव्हतं. आणि मी नात्याचा कोण? शेजारी. त्याची दुसऱ्या दिवशीची फ्लाइट होती, नागपूरला वडील वाट बघत होते, रामटेकला अंबाळ्याच्या तलावात अस्थिविसर्जन ठरलं होतं, गुरुजी ठरले होते. “बाबांनी बहिणीला चाळीस वर्षांत घरी येऊन राहिलेलं बघितलं नाही, काका. मी आता त्यांना कॅन्सल करा म्हणून कसं सांगू?” थोड्या अस्थी तरी मागे ठेव, असं मला सुचलं तोवर तो विमानात बसला होता. मनुष्याला योग्य गोष्ट नेहमी फोन ठेवल्यावरच का सुचते, हे देव जाणे.

हर्नडनला परत आल्यावर मी मार्लिसला फोन केला. तिला कुणी सांगितलंय की नाही, याचीच खात्री नव्हती. श्रीकांतने कळवलं होतं. तिने ऐंशी केव्हाच ओलांडलेली, आवाज थकलेला. म्हणाली, दगड कोरणारा येऊन गेला, नाव पूर्ण कोरलंय, गावच्या पेपरमध्ये निधनवार्ताही दिलीय. मग म्हणाली, “शी वॉज द लास्ट ऑफ अस.” ‘आमच्यातली शेवटची’... मला वाटतं, त्या बाईची अपेक्षा असावी की मी आभार मानीन. माझं डोकं सणकलं. वरातीमागून घोडं! मी म्हटलं, हे तुम्ही त्यांना का नाही सांगितलं? त्या या एका वाक्यासाठी वर्षानुवर्षं फोन फिरवत होत्या, शिव्या खात होत्या. तुम्हाला तेव्हा हे पटलं होतं का? “हो,” ती म्हणाली. मग बोलला का नाहीत? “आम्ही असं बोलून दाखवत नाही,” ती म्हणाली, आणि मला ऐकू आलं की ती रडते आहे. मग दगडाखाली ठेवायला आता काही नाही, हे सांगायचं काम माझ्याकडेच आलं. मी ते सांगितलं. तेव्हापासून आम्ही एकमेकांना फोन केलेला नाही.

तर असा सगळा हिशेब आहे. मिनेसोटात दगडावर पूर्ण नाव आहे आणि खाली बाई नाही. रामटेकला बाई आहेत आणि तिथल्या गुरुजींनी संकल्पात कोणतं नाव घेतलं असेल ते मला चांगलं माहीत आहे. आमच्या मंडळाच्या वेबसाइटवर फोटोखाली अजून देशपांडे आहे. मी तीनदा लिहिलं, ‘समितीच्या पुढील बैठकीत विषय घेऊ’ असं उत्तर आलं. सगळ्यांचं ताईंवर प्रेम होतं, यात मला शंका नाही. हेच तर मला सहन होत नाही. वैर असतं तर निदान भांडता आलं असतं.

श्रीकांतने घर भाड्याने दिलं आहे. नाशिकचं तरुण जोडपं आलंय, भामरे म्हणून, दोघंही टेक कंपन्यांत. भिंतीपलीकडे आता कुकर वाजत नाही, मायक्रोवेव्ह वाजतो. मागच्या शनिवारी ती मुलगी, मानसी, माझ्या दारात आली. वैतागली होती.

“काका, एक विचारायचं होतं. तो पोस्टमन मला मिसेस क्वर्नटेग म्हणतो. गवत कापायला येतो तो माणूसपण. काल एसीवाला आला, त्याच्या कागदावर तेच, आणि आज चक्क समोरची म्हातारी ‘गुड मॉर्निंग, मिसेस क्वर्नटेग’ म्हणाली. मी सगळ्यांना सांगून थकले की आम्ही भामरे आहोत. कोणी ऐकतच नाही. हे चेंज कुठे करायचं?”

चेंज करणं सोपं आहे. आमच्या वसाहतीच्या असोसिएशनच्या ऑफिसला एक फोन केला की ते सगळ्यांच्या यादीतलं नाव बदलून देतात. तो नंबर माझ्या फ्रिजवर लावलेला आहे, दारातून दिसतो. गेले दोन महिने नाव चुकवणाऱ्या प्रत्येक माणसावर मी खेकसतोय.

“त्या घरात राहतं कोण?” मी विचारलं.

“आम्हीच,” ती म्हणाली.

“मग झालं तर.”

मी तिला चहा विचारला, नंबर दिला नाही.